गार जेवणाची तजवीज

सकाळी सात वाजता कुकरमधून काढलेला कोलमचा भात मऊ, मोकळा आणि वाफाळता असतो. तोच भात घट्ट झाकणाच्या डब्यात भरून कचेरीत नेला आणि दुपारी एक वाजता उघडला, तर शिते टणक झालेली, घासात कोरडी लागणारी आणि प्रत्येक घासामागे पाण्याचा घोट मागणारी आढळतात. झाकण घट्ट होते, पाण्याचा थेंबही बाहेर गेलेला नाही, उलट झाकणाच्या आतल्या अंगाला वाफ धरून पाणी साचलेले स्पष्ट दिसते. मग भात वाळला कसा? आणि त्याच डब्याच्या वरच्या पुडात ठेवलेली, दुधात भिजवलेल्या पिठाची दशमी मात्र सकाळइतकीच लुसलुशीत कशी राहिली?

पुष्कळ नोकरदार मंडळी या कोड्याचा निकाल मायक्रोवेव्हवर सोपवून मोकळी होतात. परंतु बसचे वाहक, बांधकामावरचे मुकादम, फिरतीवरचे विक्रेते, शाळेतले शिक्षक, रुग्णालयातल्या परिचारिका अशा ज्या असंख्य लोकांच्या वाट्याला ते यंत्र येतच नाही, आणि ज्यांच्या अर्ध्या तासाच्या सुट्टीतली दहा मिनिटे त्या यंत्रापुढच्या रांगेत खर्ची पडतात, त्यांच्यासाठी हा प्रश्न रोजचा आणि जिव्हाळ्याचा आहे. मुंबईत १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी घरचा डबा कामाच्या ठिकाणी पोचवण्याची जी व्यवस्था सुरू केली आणि जी डबेवाल्यांनी आजतागायत निष्ठेने चालवली आहे, तिच्यातही डबा घरून निघून जेवणाऱ्याच्या हाती पडेपर्यंत तीनेक तास सहज जातात. म्हणजे त्या शहराच्या कित्येक पिढ्यांनी दुपारचे जेवण निवलेलेच घेतले आहे. माझे म्हणणे असे की, गार खावयाचे जेवण मुळापासून त्याच हेतूने निवडावे आणि रांधावे लागते. पीठ, पाणी, स्निग्धांश आणि आंबटपणा या चार गोष्टी गार होताना कशा वागतात हे एकदा नीट समजले, म्हणजे डबा पुन्हा तापवण्याची गरजच उरत नाही.

भात टणक का होतो

तांदूळ, ज्वारी, गहू, बटाटा या साऱ्यांचा मुख्य भाग पिष्टाचा, म्हणजे ज्याला आपण व्यवहारात स्टार्च म्हणतो त्याचा असतो. ग्लुकोज या साखरेचे असंख्य रेणू एकमेकांना जोडून ज्या लांबलचक साखळ्या होतात, त्यांचेच हे पिष्ट. त्यांतल्या ज्या साखळ्या जवळजवळ सरळ असतात त्यांना अमायलोज म्हणतात, आणि ज्यांना जागोजागी फाटे फुटलेले असतात त्यांना अमायलोपेक्टिन. कच्च्या दाण्यात या साखळ्या अतिसूक्ष्म कणांमध्ये दाटीने रचलेल्या असतात. दाणा पाण्यात घालून तापवू लागलो की साधारण ६० ते ७५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान हे कण फुगतात, पाणी आत शिरते, साखळ्या सुट्या होतात आणि शीत मऊ पडते. स्वयंपाकघरात आपण ज्याला शिजणे म्हणतो ते हेच.

वर्षानुवर्षे पेटीत घडी घालून ठेवलेली पैठणी एखाद्या कार्यासाठी उलगडून नेसली, तरी जुन्या घड्यांच्या रेषा त्या वस्त्रात राहतातच, आणि कार्य आटोपून ती पुन्हा ठेवू लागलो की ती आपोआप त्याच रेषांवर मोडते. शिजताना उलगडलेल्या पिष्टाच्या साखळ्यांचेही असेच होते: उष्णता ओसरू लागताच त्या परस्परांजवळ सरकतात, घडीवर घडी बसवतात, आणि त्यांच्यामध्ये सामावलेले पाणी बाजूला सारले जाते. पाणी डब्यातच असते, नव्हे शितातही असते. परंतु ज्या साखळ्यांनी त्याला धरून मऊपणा आणला होता, त्याच आता एकमेकींना धरून बसलेल्या असतात. शास्त्रज्ञ या क्रियेला रेट्रोग्रेडेशन म्हणतात. आपण तिला घडी बसणे म्हणू.

टणकपणाचे कारण कोरडेपणा नव्हे, ही गोष्ट फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बूसँगो यांनी १८५२ सालीच दाखवून दिली होती. पाण्याचा अंश बाहेर जाणार नाही असा बंदोबस्त करून ठेवलेला पावही शिळा होतो, आणि तोच पाव पुन्हा तापवला की बऱ्याच अंशी ताजा होतो, असे त्यांना आढळले. उष्णतेने घड्या पुन्हा सुटतात, म्हणून शिळी पोळी तव्यावर टाकली की मऊ होते आणि उतरवून पाच मिनिटे झाली की पूर्वीपेक्षाही चिवट बनते. कारण तव्यावर थोडे पाणी खरोखरच उडून गेलेले असते.

यातून दोन व्यवहारोपयोगी गोष्टी निघतात. पहिली तापमानाची. घडी सर्वांत वेगाने बसते ती गोठणबिंदूच्या थोडे वर, म्हणजे नेमकी फ्रिजच्या आतल्या तापमानात. यास्तव पोळी, भाकरी, थालीपीठ हे जिन्नस कचेरीतल्या फ्रिजमध्ये ठेवणे म्हणजे त्यांना जाणूनबुजून शिळे करणे होय. ते बाहेरच असावेत, आणि फ्रिजची जागा दही, उसळ, कोशिंबीर यांना द्यावी. एकाच डब्याचे पूड असे दोन ठिकाणी ठेवणे पुष्कळांना विचित्र वाटते, पण त्याने होणारा फरक एकदा अनुभवून पाहावा.

दुसरी गोष्ट तांदळाच्या जातीची. सरळ साखळ्या, म्हणजे अमायलोज, काही तासांतच घडी बसवतात. फाटे फुटलेल्या साखळ्यांना त्याच कामाला कित्येक दिवस लागतात. बासमती किंवा कोलम यांसारख्या मोकळ्या शिजणाऱ्या तांदळात अमायलोजचे प्रमाण अधिक, म्हणून ते गरम असताना देखणे आणि गार झाल्यावर कठोर. आंबेमोहर आणि आयआर-८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झालेला इंद्रायणी मात्र चिकट, आसट शिजतो, आणि म्हणूनच डब्यात तो अधिक काळ मऊ राहतो. जपानी लोक दुपारचा डबा सर्रास गारच खातात आणि तो आवडीने खातात, याचे एक मोठे कारण त्यांचा आखूड, चिकट तांदूळ हेच आहे. पाहुण्यांच्या पंक्तीसाठी आणलेला लांब दाण्याचा तांदूळ डब्यात भरणे, ही आपल्याकडची सर्वांत सामान्य चूक होय.

दशमी आणि कडक भाकरी

घडी बसू न देण्याचा उपाय आपल्या आज्यांना शास्त्र न वाचताही ठाऊक होता. दशमीचे पीठ पाण्याचा थेंबही न वापरता दुधात भिजवतात. चवीला मीठ, क्वचित गूळ, आणि तेलातुपाचे मोहन घालतात. स्निग्धांशाचे रेणू अमायलोजच्या साखळ्यांत जाऊन बसतात आणि त्यांना परस्परांना चिकटू देत नाहीत. दुधातली साखर आणि गूळ पाण्याला धरून ठेवतात. अशा रीतीने घडी बसण्याच्या वाटेत दोन्हीकडून अडसर घातला जातो. मराठवाड्यात प्रवासाला बरोबर घेतात ते धपाटे ज्वारी, डाळ आणि गहू यांच्या पिठाचे, पुष्कळदा दह्यात भिजवलेले. आणि आपली घडीची पोळी, जिच्या पदरांमध्ये तेलाचा हात फिरवलेला असतो, ती साध्या फुलक्यापेक्षा दुपारी मऊ लागते. वजन घटवण्याच्या हेतूने तेल अजिबात वर्ज्य करून फुलके नेणाऱ्यांची दुपार त्या चिवट फुलक्यांशी झगडण्यात जाते आणि संध्याकाळी भूक वडापावच्या गाडीपाशी थांबते. त्यापेक्षा कणकेत एक चमचा तेल घालणे आरोग्याच्या दृष्टीनेही अधिक हिताचे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र स्निग्धांश कोणता, हेही पाहिले पाहिजे. शेंगदाण्याचे किंवा तिळाचे तेल हवेच्या तापमानात पातळच राहते. तूप पुण्या-नाशिकच्या थंडीत थिजते आणि टाळूला चिकटते. त्यामुळे सकाळी साजूक तुपात परतलेला जो सांजा स्वर्गीय लागतो, तोच पौषातल्या दुपारी मेणचट होतो. गार डब्याचा स्वयंपाक तेलात करावा, तूप घरच्या पंगतीसाठी राखावे.

सोलापूरकडच्या लोकांनी याच प्रश्नाला अगदी उलट दिशेने उत्तर शोधले. ज्वारीत गव्हासारखे ग्लुटेन, म्हणजे पिठाला लवचिक बांधून धरणारे प्रथिन, नसते. म्हणून भाकरी उकळत्या पाण्याने पीठ मळून, थोडे पिष्ट आधीच फुलवून घेऊन थापावी लागते, आणि ती गार झाली की लवकर वातड होते. तेथील सुगरणींनी पातळ भाकरी मंद आचेवर पाणी पूर्ण आटेपर्यंत शेकून तिला कडकच करून टाकले. वातडपणाला थोडे पाणी लागते. तेच उरले नाही म्हणजे भाकरी कुरकुरीत होते आणि दिवसेंदिवस टिकते. शेंगांची चटणी आणि दही किंवा कांदा यांच्याबरोबर ती खाताना ती गरम असावी, असे मनातसुद्धा येत नाही.

खरा शत्रू कोमटपणा

येथवर चवीचा विचार झाला, आता प्रकृतीचा. अन्नातील रोगजंतूंना ५ ते ६० अंशांच्या दरम्यानचे तापमान मानवते, आणि अनुकूल स्थितीत त्यांतले कित्येक दर वीस-तीस मिनिटांना दुप्पट होतात. अमेरिकेच्या कृषिखात्याचा दंडक असा की, नाशवंत अन्न या टापूत दोन तासांहून अधिक, आणि हवा ३२ अंशांपलीकडे तापलेली असेल तर एका तासाहून अधिक ठेवू नये. ठाण्याहून सकाळी आठला निघालेला आणि फोर्टात एकला उघडला जाणारा डबा वैशाखात हा दंडक कसा पाळणार?

पुष्कळांना वाटते की खाण्यापूर्वी तापवले म्हणजे सगळे दोष गेले. ही समजूत भाताच्या बाबतीत धोक्याची आहे. मातीत आणि म्हणून धान्यावर सर्वत्र आढळणारा बॅसिलस सिरियस नावाचा जंतू आपली बीजाणुरूप अवस्था उकळत्या पाण्यातही टिकवून धरतो. भात शिजून कोमट झाला की तो पुन्हा जागा होऊन वाढू लागतो, आणि त्याच्या काही जाती वाढताना वांती घडवणारे असे विष सोडतात की जे नंतर कितीही तापवले तरी नष्ट होत नाही. १९७१ सालापासून ब्रिटनमध्ये परतलेला भात खाऊन लोकांना वांत्या झाल्याच्या ज्या घटना नोंदल्या गेल्या, त्यांत उकडलेला भात बराच वेळ बाहेर ठेवून मग तव्यावर परतलेला होता. म्हणजे तो पुन्हा तापवला होता, तरीही बाधला. हाताच्या त्वचेवर वावरणारा स्टॅफिलोकॉकस हा जंतूही असेच उष्णतेला दाद न देणारे विष तयार करतो. तेव्हा तापवणे हा विम्याचा दाखला नव्हे. खरा विमा जंतूंना वाढूच न देण्यात आहे.

जंतूंना वाढण्यासाठी तीन गोष्टी लागतात: मुबलक मोकळे पाणी, सौम्य चव, आणि कोमटपणा. यांतली एक जरी आपण काढून घेतली, तरी पाच-सहा तासांची मुदत निभावते. पाणी काढून घेतले की दशमी, कडक भाकरी, भाजलेले चणे, कारळ्याची किंवा जवसाची चटणी हे पदार्थ होतात. सौम्यपणा काढून घेतला की दही, लिंबू, आमसूल, चिंच यांचे पदार्थ होतात. आणि कोमटपणा टाळावयाचा तर अन्न ६० अंशांच्या वर धरणारे उत्तम भांडे हवे, किंवा फ्रिज अथवा बर्फाची पिशवी हवी. उष्णता धरून ठेवणारा स्वस्त डबा, जो साठ अंश राखू शकत नाही पण तासन्‌तास अन्न कोमट मात्र ठेवतो, तो माझ्या मते सर्वांत वाईट. साधा स्टीलचा डबा त्याहून बरा.

> चौकट: कोणता जिन्नस कोठे
>
> *बाहेर, निर्धास्तपणे:* दशमी, धपाटे, थालीपीठ, घडीची पोळी, तिखटमिठाच्या पुऱ्या, कडक भाकरी; शेंगदाणा, जवस, कारळे यांच्या कोरड्या चटण्या; गूळ, फुटाणे; सबंध फळ; कोरडे पोहे आणि लाह्या.
>
> *बाहेर, पण हवा फार तापलेली नसताना:* आमसूल किंवा चिंच घातलेली कोरडी उसळ, लिंबू पिळलेली परतलेली भाजी, पुरेसे दही घातलेला दहीभात.
>
> *फ्रिज असेल तरच:* उकडलेली अंडी, पनीर, कच्चे मोड, ओल्या नारळाची चटणी, मांस-मासळी.

दहीभाताची रीत

दहीभात हा गार डब्याचा सर्वांत जुना आणि सर्वांत गैरसमजाने बनवला जाणारा पदार्थ आहे. आंबटपणा मोजण्याचा जो अंक आहे, ज्याला सामू म्हणतात, तो निव्वळ पाण्यासाठी ७ असतो आणि आंबटपणा वाढेल तसा उतरतो. नुसत्या भाताचा सामू सहाच्या वर, चांगल्या विरजलेल्या दह्याचा चार ते साडेचार, आणि ४.६ च्या खाली बहुतेक घातक जंतूंची वाढ खुंटते. पुष्कळ घरांत दुपारी दहीभात फार आंबू नये म्हणून भातात दूधच जास्त आणि दही चमचाभर घालतात. चव त्याने उत्तम साधते, कारण ते चमचाभर विरजण दुपारपर्यंत सावकाश आपले काम करीत राहते. परंतु पहिल्या काही तासांत, जेव्हा भात कोमट असतो तेव्हाच, त्याला आंबटपणाचे संरक्षण नसते.

म्हणून रीत अशी असावी: इंद्रायणी किंवा आंबेमोहर थोडे जास्त पाणी घालून आसट शिजवावा, परातीत पसरून पूर्ण निववावा, डावाने मोडावा, आणि मग एक वाटी भाताला वाटीभर ताजे दही आणि केवळ सैलपणापुरते तापवून गार केलेले दूध घालावे. मीठ, आले, हिंगमोहरीची तेलातली फोडणी आणि कोथिंबीर घालून तो डब्यात जाईपर्यंत त्याला हाताचा स्पर्श होऊ देऊ नये. दुपारपर्यंत भात दही पिऊन घट्ट होतो, म्हणून भरताना तो वाजवीपेक्षा पातळ दिसला तरी चिंता नाही. शितांच्या घड्या येथेही बसतात, पण दह्याच्या ओलाव्यात त्या जिभेला जाणवत नाहीत.

ज्यांना सकाळी चूल पेटवण्यालाही सवड नाही, त्यांनी पोह्यांचा विचार करावा. पोहे म्हणजे भिजवून, भाजून, कांडून आधीच शिजवलेला भात. एका पुडात कोरडे पोहे आणि मेतकूट, दुसऱ्यात दही, आणि जेवणाच्या वेळी दोन्ही एकत्र कालवले की पाच मिनिटांत पोहे फुलतात. दडप्या पोह्यांची चव हवी असेल तर बारीक कांदा, टोमॅटो आणि लिंबू यांच्या रसातच ते भिजू द्यावेत. ओले खोबरे मात्र उन्हाळ्यात टाळावे, ते दुपारपर्यंत उतरते.

गार अन्नाला चव आणावी कशी

गरम अन्नाची निम्मी चव नाकाने कळते: वाफेबरोबर सुवासिक द्रव्ये वर येतात आणि घास तोंडात जाण्यापूर्वीच आपण जेवू लागतो. अन्न गार झाले की ही द्रव्ये कमी उडतात. शिवाय जीभही तापमानाप्रमाणे वागते. बेल्जियममधील ल्युव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ साली दाखवले की, गोड चव ओळखणाऱ्या पेशींतील एक द्वार सुमारे १५ ते ३५ अंशांच्या दरम्यान उबेबरोबर अधिकाधिक उघडते. वितळलेले आइस्क्रीम असह्य गोड लागते ते याचमुळे, आणि गार झालेला गोडसर पदार्थ फिका वाटतो तोही याचमुळे.

म्हणून गार डब्याची भाजी चुलीवर चाखताना किंचित तीव्र वाटली पाहिजे. गरम मसाल्यापेक्षा आले, मिरची, लिंबू, पुदिना, कच्चा कांदा, भाजलेल्या तिळाचा वा दाण्याचा कूट यांचा येथे अधिक उपयोग, कारण त्यांची तीव्रता वाफेवर अवलंबून नसते. कोशिंबिरीला मीठ घरी लावू नये; मीठ काकडी-गाजराच्या पेशींतले पाणी बाहेर ओढते आणि दुपारपर्यंत त्यांचा लगदा होतो. चिरलेली काकडी, दाण्याचा कूट आणि फोडणी डब्यात घालावी, मीठ आणि लिंबाची फोड वेगळी न्यावी.

पोटाचा हिशेब

लिंबाची ती फोड केवळ चवीची नाही. डाळी, पालेभाज्या, बाजरी यांतले लोह शरीराला सहजासहजी मिळत नाही. क जीवनसत्त्व सोबत असेल तर त्याचे शोषण वाढते, आणि हे जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होत असल्याने गार जेवणावर आयत्या वेळी पिळलेले लिंबू पुरेपूर कामी येते. याउलट जेवणावर लगेच घेतलेला चहा तेच शोषण घटवतो. तो तासाभराने घ्यावा.

धान्यांच्या प्रथिनांत लायसिन हा घटक उणा असतो, डाळींच्या प्रथिनांत मेथिओनिन. दोन्ही एकत्र आली की उणीव भरून निघते. थालीपीठाच्या भाजणीत ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, हरभरा, उडीद आणि धणे हे सारे एकत्र भाजून दळलेले असतात, म्हणून दोन थालीपिठे, वाटीभर दही आणि एखादे फळ एवढ्यात एका कष्टकरी माणसाची दुपार सन्मानाने पार पडते. गार झालेल्या भातभाकरीतले घडी बसलेले थोडे पिष्ट लहान आतड्यात न पचता पुढे जाते आणि तंतुमय पदार्थासारखे वागते, हेही खरे. पण हा लाभ बेताचाच असतो, आणि मधुमेही माणसाने त्याच्या भरवशावर भात वाढवू नये.

डबा भरताना

पोळी तव्यावरून उतरताच डब्यात घातली तर तिची वाफ झाकणाला लागून पाणी होते आणि तेच पाणी वरच्या पोळीवर ठिबकते. वरची पोळी ओली, खालची वातड. जाळीवर किंवा बांबूच्या दुरडीत ती दहा मिनिटे मोकळी ठेवावी, निवली की सुती फडक्यात गुंडाळून भरावी. भाजी आणि उसळ ताटात पसरली की लवकर निवतात, पातेल्यात दाटून ठेवल्या की तासभर कोमट राहतात. कोरडा जिन्नस वरच्या पुडात आणि ओला खालच्या पुडात असावा, म्हणजे गाडीच्या गर्दीत डबा कलंडला तरी पोळी भिजत नाही. संध्याकाळी घरी आल्यावर झाकणाची रबरी कड काढून, गरम पाणी आणि साबणाने घासून उन्हात वाळवावी. वास येतो तो बहुतेक वेळा डब्याला नसून त्या कडेखाली राहिलेल्या अन्नाच्या कणांना असतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या ताज्या दह्यात पहिले जंतू तेथूनच उतरतात.